गणिती प्रज्ञेचे संवर्धन

गणिती प्रज्ञेचे संवर्धन ही गणितशिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवरील एक अभ्यासशाखा आहे. गणितात विशेष गती असणाऱ्या विद्यार्थ्यांचा शोध घेणे, त्यांची विचारप्रक्रिया समजून घेणे आणि त्यांना अनुरूप शिक्षण देणे हे तिचे तीन प्रमुख विषय होत. विसाव्या शतकात अमेरिका, सोव्हिएत संघ आणि हंगेरी या देशांत या अभ्यासाची पायाभरणी झाली. भारतात तो मुख्यत्वे गणित ऑलिंपियाड आणि त्यासाठीच्या प्रशिक्षणाच्या रूपाने परिचित आहे.

संकल्पना

गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा किंवा तोंडी हिशेब झटपट करणारा विद्यार्थी म्हणजे गणिती प्रज्ञेचा विद्यार्थी, असा सर्वसाधारण समज असतो. संशोधनातून मात्र निराळे चित्र पुढे आले आहे. शालेय परीक्षा प्रामुख्याने शिकवलेली रीत अचूकपणे वापरता येते का, हे तपासते. गणिती प्रज्ञा ही रीत माहीत नसलेल्या प्रश्नाशी विद्यार्थी कसा झुंजतो, यातून प्रकट होते.

एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. दहा माणसांनी परस्परांशी एकेकदा हस्तांदोलन केले, तर एकूण ४५ हस्तांदोलने होतात. दहा संघांच्या स्पर्धेत प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा खेळला, तर सामनेही ४५ च होतात. दशकोनाला ३५ कर्ण असतात. बहुतेक विद्यार्थी ही तीन स्वतंत्र उदाहरणे म्हणून सोडवतात. काहींच्या मात्र चटकन लक्षात येते, की तिन्ही ठिकाणी दहांतून दोन निवडण्याचाच प्रश्न आहे आणि दशकोनात केवळ दहा बाजू वजा कराव्या लागतात. वरवर भिन्न दिसणाऱ्या गोष्टींतील समान रचना ओळखण्याची ही क्षमता गणिती प्रज्ञेचे महत्त्वाचे लक्षण मानली जाते.

संशोधनाचा इतिहास

*क्रुतेत्स्की यांचे अध्ययन*

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ वादिम क्रुतेत्स्की यांनी १९५५ ते १९६६ या काळात शालेय विद्यार्थ्यांच्या गणिती क्षमतांचा अभ्यास केला. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये रशियन भाषेत आणि १९७६ मध्ये इंग्रजी अनुवादाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. केवळ उत्तर बरोबर की चूक हे न पाहता, प्रश्न सोडवताना विद्यार्थी काय बोलतो, कुठे अडतो आणि मार्ग कसा बदलतो, याची ते नोंद घेत. काही प्रश्नांत आवश्यक माहिती मुद्दाम गाळलेली असे, तर काहींत अनावश्यक माहिती घातलेली असे.

या अभ्यासातून क्षमतांचे पुढील घटक त्यांनी मांडले :

- प्रश्नातील तपशील बाजूला सारून त्याची रचना पाहणे
- एका उदाहरणावरून व्यापक नियमाकडे जाणे
- विचाराच्या लांब साखळीचा संक्षेप करणे
- एक मार्ग सोडून दुसऱ्याकडे सहज वळणे
- निष्कर्षाकडून आरंभाकडे उलट विचार करणे
- आकड्यांपेक्षा युक्तिवादाचा सांगाडा लक्षात ठेवणे

वेग, आकडेमोडीतील कौशल्य आणि सूत्रांची स्मरणशक्ती या गोष्टी उपयुक्त असल्या तरी अनिवार्य नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा ठरला. सावकाश विचार करणारा विद्यार्थीही गणितात उच्च प्रतीचा असू शकतो, असा त्याचा अर्थ होतो.

*स्टॅन्ली यांचा प्रकल्प*

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात अकाली प्रगल्भ असणाऱ्या मुलांच्या अध्ययनाचा प्रकल्प सुरू केला. वर्गाच्या परीक्षेत अनेक हुशार मुलांना जवळपास पूर्ण गुण मिळतात. त्यामुळे त्यांच्यातील फरक दिसत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी स्टॅन्ली यांनी महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतली जाणारी चाचणी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दिली. वर्गात सारखीच दिसणारी मुले या चाचणीत एकमेकांपासून बरीच दूर असल्याचे आढळले.

पुढे कॅमिला बेनबो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी हे काम व्हँडरबिल्ट विद्यापीठात चालू ठेवले. ५,००० हून अधिक व्यक्तींच्या वाटचालीचा अनेक दशके मागोवा घेणारा हा प्रकल्प या क्षेत्रातील सर्वांत प्रदीर्घ अभ्यासांपैकी एक आहे. लहानपणी या चाचणीत अधिक वरचे स्थान मिळवणाऱ्यांनी पुढे डॉक्टरेट, शोधनिबंध आणि पेटंट यांचे प्रमाणही अधिक राखल्याचे त्यातून दिसून आले.

ओळख आणि तिच्या मर्यादा

प्रज्ञावान मुलांचा शोध घेणारी कोणतीही चाचणी परिपूर्ण नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्ध्यंकाच्या आधारे १,५०० हून अधिक मुलांची निवड करून दीर्घकालीन अध्ययन आरंभले. त्या निवडीत न बसलेल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. श्रीनिवास रामानुजन यांचे उदाहरण भारतीयांना परिचित आहेच. गणितात मग्न असल्याने इतर विषयांकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, महाविद्यालयीन शिष्यवृत्ती गेली आणि पदवीचे शिक्षणही अपुरे राहिले.

शोध कोणत्या पद्धतीने घेतला जातो, यावर कोण सापडतो हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एका मोठ्या शालेय जिल्ह्यात पूर्वी शिक्षक किंवा पालक यांनी सुचवलेल्या मुलांचीच प्रज्ञा-चाचणी होत असे. २००५ पासून दुसरीतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली जाऊ लागली. पात्रतेचा निकष तोच असूनही गरीब आणि अल्पसंख्य समाजांतील निवडल्या गेलेल्या मुलांची संख्या लक्षणीय वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले. आर्थिक मंदीच्या काळात ही चाचणी थांबली, तेव्हा जुनी विषमता परतली. मुले पूर्वीही तितकीच होती, परंतु त्यांचे नाव सुचवणारे कोणी नव्हते.

मुलींच्या बाबतीतील आकडेही याच दिशेने विचार करायला लावतात. स्टॅन्ली यांच्या प्रकल्पात १९८० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च गुण मिळवणाऱ्या मुलांमध्ये मुलगे आणि मुली यांचे प्रमाण १३ : १ असे नोंदले गेले होते. पुढील दशकांत ते सुमारे ४ : १ पर्यंत खाली आले. एवढ्या अल्प काळात झालेला हा बदल केवळ जन्मजात कारणांनी स्पष्ट करता येत नाही.

संवर्धनाच्या पद्धती

संवर्धनाचे दोन मुख्य मार्ग सांगितले जातात. वेगवर्धन म्हणजे पुढील इयत्तांचा अभ्यासक्रम लवकर शिकवणे किंवा एखादी इयत्ता ओलांडू देणे. समृद्धीकरण म्हणजे त्याच इयत्तेत राहून विषयाच्या अधिक खोलात नेणारे प्रश्न देणे. स्टॅन्ली पहिल्या मार्गाचे पुरस्कर्ते होते. हंगेरी आणि रशिया यांच्या परंपरेत दुसऱ्याला अधिक महत्त्व आहे. व्यवहारात दोन्हींचा मेळ घातला जातो.

हंगेरीत १८९४ मध्ये माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मासिक निघाले आणि त्याच वर्षी एत्वेश स्पर्धाही सुरू झाली. मासिकातील प्रश्न विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी, हवा तेवढा वेळ घेऊन सोडवावेत आणि उत्तरे टपालाने पाठवावीत, अशी पद्धत होती. १९६२ मध्ये बुडापेस्टच्या एका शाळेत गणिताचा विशेष वर्ग निघाला. २०२१ च्या आबेल पारितोषिकाचे मानकरी लास्लो लोवास त्या वर्गाचे विद्यार्थी होत. सोव्हिएत संघात गणित मंडळे १९३० च्या दशकापासून चालत. १९६३ मध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव यांच्या पुढाकाराने मॉस्कोत निवासी शाळा स्थापन झाली.

समृद्धीकरणासाठी खर्चिक साधनांची गरज नसते. नाशिकजवळील देवळाली येथील शिक्षक द. रा. कापरेकर यांनी शोधलेला ६१७४ हा अंक त्याचे उत्तम उदाहरण आहे. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ पासून सुरुवात केल्यास :

- ५४३२ − २३४५ = ३०८७
- ८७३० − ०३७८ = ८३५२
- ८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो आणि पुढे बदलत नाही. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला एवढे करता येते. ज्याचे कुतूहल येथे थांबत नाही, त्याच्यासाठी पुढचे प्रश्न तयार असतात. प्रत्येक वजाबाकीचे उत्तर ९ ने का भागले जाते? तीन अंकी संख्यांसाठी ४९५ का येतो? दोन अंकी संख्यांत एकच अंतिम संख्या न मिळता चक्र का तयार होते? सर्वांना प्रवेश देणारा आणि तरीही लवकर न संपणारा असा प्रश्न शिक्षणाचे साधन असतो, तसाच प्रज्ञा ओळखण्याचेही.

भारत आणि महाराष्ट्र

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रोमानियात सुरू झाले. भारताचा संघ त्यात १९८९ पासून भाग घेत आहे आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईत झाली. दोन दिवसांत प्रत्येकी साडेचार तासांत तीन, असे एकूण सहा प्रश्न सोडवायचे असतात. एका प्रश्नाला सरासरी दीड तास मिळत असल्याने या स्पर्धेतही घाईपेक्षा चिकाटीला महत्त्व असते. भारतीय संघाची निवड टप्प्याटप्प्याच्या परीक्षा आणि प्रशिक्षण शिबिर यांतून होते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्याचे समन्वयन करते, तर राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे त्यास पाठबळ आहे.

पुण्यात गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना केली. संशोधनाबरोबरच शालेय विद्यार्थ्यांना ऑलिंपियाडचे मार्गदर्शन देण्याचे कामही ही संस्था करते. महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षा तालुक्यांतील आणि खेड्यांतील शाळांपर्यंत पोहोचलेली असली, तरी तिचे स्वरूप ठरावीक वेळेत बहुपर्यायी प्रश्न सोडवण्याचे आहे. दीर्घ विचाराची पारख तिच्यातून मर्यादित प्रमाणातच होते.

मतभेद

निवडक मुलांवर वेगळा खर्च करणे समन्यायी नाही, असा आक्षेप घेतला जातो. ‘हुशार’ हा शिक्का बसल्याने मुलांवर दडपण येते आणि न निवडलेल्यांचा आत्मविश्वास खचतो, असेही म्हटले जाते. स्पर्धांच्या शिकवणीवर्गांमुळे ही संधी पुन्हा शहरी आणि सधन कुटुंबांकडेच जाते, हा तिसरा आक्षेप होय.

याच्या उलट बाजूने रुचीर अगरवाल आणि पॅट्रिक गोल यांच्या संशोधनाचा दाखला दिला जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये समान गुण मिळवलेल्या विद्यार्थ्यांची पुढील कारकीर्द त्यांनी तपासली. कमी उत्पन्नाच्या देशांतील विद्यार्थ्यांचे गणितातील योगदान श्रीमंत देशांतील तितक्याच गुणवान विद्यार्थ्यांपेक्षा बरेच कमी असल्याचे त्यांना आढळले. सधन कुटुंबातील मुलाला शाळेबाहेरही पुस्तके आणि मार्गदर्शक मिळू शकतात. साधनहीन घरातील मुलासाठी शाळा हीच बहुधा एकमेव संधी असते. त्यामुळे सार्वजनिक शाळांनी प्रज्ञासंवर्धनाकडे पाठ फिरवल्यास विषमता कमी न होता वाढते, असे या मताचे अभ्यासक मानतात. सर्व मुलांसमोर आव्हानात्मक प्रश्न ठेवावेत, त्यांना पुरेसा वेळ द्यावा आणि जे त्यात रमतात त्यांना पुढची वाट दाखवावी, या धोरणावर दोन्ही बाजूंच्या अनेक अभ्यासकांचे एकमत होऊ शकते.