आधी कणा, मग पान

आमच्या बचत गटातल्या बायकांनी भरतकाम केलेले बारा टेबलक्लॉथ गेल्या वर्षी शहरातल्या एका दुकानदाराने परत पाठवले. ‘टाका सुबक आहे, पण पानं छापल्यासारखी दिसतात,’ एवढंच त्याचं म्हणणं. दोन महिन्यांची मेहनत! त्या दिवशी घरी जाताना कुणी कुणाशी बोललं नाही.

मला तर जास्तच लागलं. कारण नक्षी काढून देणारी मीच. मधे सरळ रेघ, दोन्हीकडे सारखा फुगवटा आणि माशाच्या काट्यासारख्या शिरा. चौथीत शिकलेलं पान मी चाळिशीतही तसंच काढत होते!

माझी भाची चित्रकला शिकवते. तिने आंब्याची डहाळी समोर ठेवली नि म्हणाली, ‘‘मावशी, कडा काढायची घाई नको. आधी कणा काढ.’’

देठापासून टोकापर्यंत एकच फिकी, वळणदार रेघ. मग पान सगळ्यात रुंद आहे तिथे दोन्हीकडे एकेक ठिपका. पान तिरकं वळलेलं असेल तर एक बाजू रुंद दिसते, दुसरी अरुंद. ठिपकेही तसेच द्यायचे. मग देठ, ठिपके आणि टोक जोडलं की झाली कड. पान मुडपलेलं असेल तर झाकलेला कणाही फिका काढून पुढे न्यायचा, म्हणजे टोक भलतीकडे जात नाही. नंतर तेवढा भाग खोडायचा.

‘‘आणि शिरा?’’

‘‘हातातल्या बांगड्या काढताना सरळ रेघ ओढशील का? मनगटाच्या गोलाईने त्या वळतात ना, तशाच शिरा पानाच्या उंचसखल भागावरून वळतात. कडेकडे जाताना बारीक होतात.’’

पुढच्या बैठकीला मी डहाळीच घेऊन गेले. गटातल्या सर्वांत मोठ्या काकूंनी आधी पेन्सिल हातात घ्यायलाच नकार दिला. तासाभराने म्हणाल्या, ‘‘जन्मभर आंब्याची तोरणं बांधली गं, पण पान नीट बघितलं ते आज!’’

नव्या नक्षीचे सहा टेबलक्लॉथ पाठवले. त्याच दुकानदाराने चार ठेवून घेतले, दोन परत आले. त्या दोनांची नक्षी मी पान समोर न ठेवता, घाईत काढली होती.

मैत्रिणींनो, रांगोळी असो की भरतकाम, एकदा परसातलं खरं पान समोर ठेवून बघा. बोटांना सवयीचं झालेलं पान जरा बाजूला ठेवा आणि कण्यापासून सुरुवात करा.