इस्लाह: मागून घेतलेली दुरुस्ती

उर्दूत शागीर्द आपली गझल उस्तादाकडे दुरुस्तीसाठी पाठवी. या दुरुस्तीला ‘इस्लाह’ म्हणतात. मिर्झा गालिब दिल्लीहून टपालानेही इस्लाह करत. हरगोपाल तफ्ता या शागिर्दाला त्यांनी लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात.

इस्लाहमधली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ती मागितलेली असे. उस्ताद थेट शब्द बदलून देई आणि शागिर्दाला त्यात अपमान वाटत नसे, कारण नातं आधी ठरलेलं होतं. अनोळखी माणसाच्या कवितेवर अभिप्राय लिहिताना ते नातं नसतं. ‘दुसऱ्या ओळीत एक मात्रा कमी पडते’ हे समोर बसून म्हटलं, तर आवाजातला जिव्हाळाही पोचतो. नुसतं लिहून पाठवलं की तेच वाक्य फटकाऱ्यासारखं लागतं. निव्वळ ‘छान’ लिहावं, तर रात्र जागून लिहिणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

म्हणून आधी विचारावं, ‘मात्रा मोजून सांगू का?’ होकार आला की नेमकी ओळ दाखवावी, वाचताना आपण कुठे अडखळलो ते सांगावं. पर्यायी शब्द मात्र कवीलाच शोधू द्यावा.