शिरीष आणि वर्षावृक्ष

१९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात रोपे किती लावली याचे आकडे आपण ऐकतो. कोणते झाड कोठे लावावे, हा प्रश्न मात्र मागेच राहतो. शिरीष आणि वर्षावृक्ष यांच्या बाबतीत तर तो फारच महत्त्वाचा आहे. दोन्ही झाडे एकाच कुळातील. दोन्हींची फुले रेशमी झुपक्यांची आणि संध्याकाळी दोन्हींची पाने मिटतात. वर्षावृक्षाला ‘विलायती शिरीष’ म्हणतात ते उगाच नव्हे.

फरक ओळखणे तसे सोपे आहे. शिरीषाची फुले हिरवट-पिवळी व सुगंधी, तर वर्षावृक्षाची गुलाबी. शिरीषाची शेंग चपटी, कागदासारखी. वाळली की वाऱ्याने खुळखुळते. म्हणून इंग्रजीत या झाडाला ‘बाईची जीभ’ असे नाव पडले. वास्तविक बोलतो तो वारा! वर्षावृक्षाची शेंग काळपट, जाड व आत गोड गराची. गुरे ती आवडीने खातात.

शिरीष आपल्या मातीतला. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त प्रारंभीच त्याच्या फुलांच्या कर्णभूषणांचा उल्लेख येतो. फूल इतके नाजूक, पण झाड काटक. कमी पावसात तग धरते, पाला शेळ्यांना चालतो. मात्र हिवाळ्यात पाने गळतात आणि मार्चच्या उन्हात सावली विरळ असते.

वर्षावृक्ष मध्य व दक्षिण अमेरिकेतून आला. त्याची छत्री ३० मीटरपर्यंतही पसरते. असे झाड अरुंद रस्त्यावर लावले की पुढे तारांसाठी फांद्या तोडाव्या लागतात, तोल जातो आणि वादळात पडले की दोष झाडालाच! शिवाय एकाच जातीच्या रांगा लावणे धोक्याचे. २०१० नंतरच्या काही वर्षांत मुंबईत पिठ्या ढेकणामुळे अनेक वर्षावृक्ष वाळून गेले.

तेव्हा मला असे वाटते की, आठवड्याचा बाजार भरतो अशा मोकळ्या पटांगणात वर्षावृक्ष लावावा. कोरड्या भागातील रस्त्यांच्या कडेला शिरीष लावावा आणि त्याच्या जोडीला कडुनिंबासारखी झाडे असावीत. राष्ट्रीय सेवा योजनेतील मित्रांना एकच विनंती. लहानपणी ही रोपे सहज ओळखू येत नाहीत. म्हणून बी कोणत्या शेंगेतले, हे रोपवाटिकेत विचारूनच रोप घ्यावे.