गावोगावचं इंटरनेट (भाग 4) : वारणेचा ऊस, माळव्याचं सोयाबीन

फायबर ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत कसं येतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. ते आल्यावर शेतकऱ्याच्या हातात चार पैसे जास्त पडतात का, हा आजचा प्रश्न.

आपल्याकडे याची परीक्षा वारणेच्या खोऱ्यात फार लवकर झाली. 1998 मध्ये केंद्र, राज्य आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून कोल्हापूर-सांगलीतली सुमारे 70 गावं संगणकाने जोडायला घेतली. बाजारभाव, शेतीसल्ला, दाखले, सगळं गावातल्या केंद्रात मिळावं, असा बेत होता. लोक तिथे गेले ते मुख्यतः उसासाठी. लागणीची नोंद झाली का, तोड कधी मिळणार, काट्यावर टनेज किती भरलं, बिल कधी जमा होणार, यावर ऊसकऱ्याचं सगळं वर्ष अडलेलं असतं. तोड लांबली की तुरे येतात, वजन घटतं, पुढच्या पिकाला रान वेळेवर मोकळं होत नाही. एवढं विचारायला कारखान्याच्या ऑफिसात खेटे घालायचे म्हणजे दिवस मोडायचा. ते खेटे केंद्रामुळे वाचले. पुढे काही गावांत संशोधकांनी संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली आणि तेही उत्तम चाललं.

वेळ वाचला, पण उसाचा भाव त्याने वाढला नाही. ऊस ठरलेल्या कारखान्यालाच जाणार होता.

मध्य प्रदेशात वेगळं घडलं. 2000 पासून आयटीसी कंपनीने गावोगाव ‘ई-चौपाल’ नावाची इंटरनेट केंद्रं उभारली. सोयाबीनचा भाव शेतकऱ्याला घरबसल्या कळू लागला, आणि माल मंडीत न्यायचा की थेट कंपनीला द्यायचा, हेही त्याच्या हातात आलं. नंतरच्या अभ्यासात त्या भागातल्या मंड्यांमधले भाव 1 ते 3 टक्के वाढलेले दिसले. मंडीतच माल विकणाऱ्यालाही त्याचा फायदा झाला, कारण व्यापाऱ्याला आता स्पर्धक होता. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. दुसरा खरेदीदार असेल तरच भाव कळून उपयोग.

मग एसएमएसवर भागत असेल तर ब्रॉडबँड कशाला? टनेजचा आकडा एका ओळीत मावतो. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकाची सरकारी नोंद मोबाइलवरून करताना, मात्र पिकाचा फोटो पाठवावा लागतो. गावात राहून हिशेबाचं किंवा डिझाइनचं काम करणाऱ्या मुलीला दिवसभर न तुटणारी लाइन लागते. ती नसेल तर तिला पुण्याची खोली गाठावीच लागते.

अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याच्या योजनेला 2011 मध्ये मंजुरी मिळाली. 2023 मध्ये तिच्या सुधारित रूपासाठी 1.39 लाख कोटी रुपये मंजूर झाले, त्यात दहा वर्षांची देखभालही धरली आहे. तेव्हा येत्या ग्रामसभेत विचारा : आपली लाइन आज चालू आहे का, शाळेला आणि आरोग्य उपकेंद्राला जोडली आहे का, आणि बंद पडली तर दुरुस्त कोण करणार? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.