संथ लॅपटॉप भंगारात काढण्यापूर्वी

दुकानात गिऱ्हाईक उभे आहे, माल बांधून झाला आहे आणि बिल मात्र निघत नाही. पडद्यावर नुसते चक्र फिरते आहे. काही वर्षांपूर्वी बेताच्या किमतीत लॅपटॉप घेतलेल्या अनेक दुकानदारांना व कारखानदारांना हा अनुभव नवा नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून रिटर्न यंत्रावरच भरावे लागते. यंत्र अडले की धंदा अडतो. अशा वेळी 'नवा घेऊन टाका' हा सल्ला लगेच मिळतो. आमचे म्हणणे असे की, आधी दुखणे कोठे आहे ते पाहावे. पुष्कळदा एखादा सुटा भाग बदलून काम भागते.

कापडाच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. ज्या गादीवर आपण ठाणे उलगडतो ती गादी म्हणजे रॅम आणि मागचे गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. गादी लहान असली की नवे ठाण दाखवण्यासाठी आधीचे आत ठेवावे लागते. ४ जीबी रॅमच्या यंत्रात हेच चालू असते. त्यात गोदामातून माल आणणारा गडीच संथ असला तर विचारायलाच नको. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधील तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि माहिती वाचणारे टोक तिच्यावर जागा शोधत हिंडते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. सलग वाचनात हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, तर साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास माहिती देते. विखुरलेल्या लहान फायलींच्या बाबतीत हा फरक कित्येक पटींनी वाढतो.

तपासणी घरच्या घरी होते. नेहमीचे सर्व प्रोग्रॅम उघडून कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांजवळ राहत असेल आणि मेमरी मोकळी असेल, तर एसएसडी बसवावी. मेमरी सतत ९० टक्क्यांच्या पुढे असेल, तर रॅम वाढवावी. दोन्ही भरलेले असतील आणि पैसे एकाच कामापुरते असतील, तर हार्ड डिस्क बदलण्यापासून सुरुवात करावी, असे आम्ही सुचवू.

खरेदीपूर्वी यंत्राचा मॉडेल क्रमांक घेऊनच दुकानात जावे. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत. काही यंत्रांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते; तेथे रिकामा खाचा आहे का, ते आधी पाहावे. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम घालून उपयोग नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा जुन्या भावावर हिशेब न करता दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. अगदी स्वस्त यंत्रांत ३२ किंवा ६४ जीबीची साठवण बोर्डावरच जोडलेली असते. अशा यंत्रावर सहसा खर्च करू नये.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका जरीकाम करणाऱ्या भाईंनी लॅपटॉप दुरुस्तीला दिला. यंत्र वेगवान होऊन परत आले, पण तीन वर्षांची उधारी पुसली गेली होती. कोणाकडे किती येणे आहे, हे त्यांना गिऱ्हाइकांनाच विचारावे लागले. भाग बाजारात पुन्हा मिळतो, हिशेब मिळत नाही. म्हणून यंत्र देण्यापूर्वी खात्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडते का, ते पाहावे. बिटलॉकर चालू असल्यास त्याची किल्ली लिहून ठेवावी. जुनी हार्ड डिस्क न पुसता परत मागावी, महिनाभर तशीच ठेवावी. पुढे तीच यूएसबी डबीत घालून हिशेबाच्या प्रती ठेवण्यास वापरता येते.

एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपूर्वीची यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. असे यंत्र बिलांपुरते ठेवून बँकेचे व्यवहार दुसरीकडे करणे बरे. भाग आणि मजुरी मिळून खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल, तर नवेच घ्यावे. त्यापेक्षा बराच कमी असेल, तर जुन्यालाच आणखी काही वर्षे कामाला लावावे आणि वाचलेली रक्कम मालात गुंतवावी.