राखीव गडी

शाहूवाडी तालुक्यात ‘राखीव’ हा शब्द कानावर प्रथम पडतो तो वनखात्याच्या संदर्भात. राखीव रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, इतका त्याचा अर्थ येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. येथील मलकापूरच्या एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापक म्हणून माझी नेमणूक झाली (मी मराठी शिकवतो, आणि चेंडूशी माझा संबंध तोवर प्रेक्षकापुरताच होता), तेव्हा या शब्दाचा दुसरा अर्थ मला रोज समोर दिसू लागला: मैदानाच्या कडेला एक लाकडी बाक, त्यावर पावसात अंगाला अंग भिडवून बसलेली पाच-सहा मुले, आणि जांभ्या मातीच्या त्या लालभडक चिखलात साऱ्या संघाचे पाय गुडघ्यापर्यंत रंगलेले असताना यांचे मात्र स्वच्छ असलेले बूट.

संघ हरत होता, आणि त्याचे आश्चर्य कोणालाच नव्हते. कोल्हापूर शहरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनीच तेथे पुढे फुटबॉलचे संघ बांधले, आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तेथील माणूस आपल्या आडनावाइतक्याच अभिमानाने घेतो. छत्रपती शाहू स्टेडियमवर ज्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून सामने पाहिले, त्यांच्यापैकीच अनिकेत जाधवसारखा एखादा २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळतो, आणि उरलेल्यांतले पुष्कळसे शहरातल्या महाविद्यालयांच्या संघांत येतात. आमची मुले आली ती कबड्डीतून आणि भात कापून झालेल्या खाचरांतून. शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत गारद होत, आणि सराव सामन्यांतही चार-पाच गोल खाऊन परतत.

बाकावरच्या मुलांना संधी अजिबात मिळत नव्हती असे म्हणणे मात्र क्रीडाशिक्षकांवर अन्याय करण्यासारखे होईल. चार गोल चढल्यावर, शेवटची पाच मिनिटे उरली असता, ते दोघा-तिघांना उदार मनाने आत धाडीत. मुले सैरावैरा धावत, चेंडूला एखादे वेळी पाय लागे, शिटी वाजे, आणि ‘बघा, संधी दिली तर काय केलं?’ असा निवाडा परतीच्या एसटीत होई. दावा दाखल होण्यापूर्वीच निकाल लिहून ठेवावा, तशातला हा प्रकार होता. फुटबॉलला बदली खेळाडूची सवय तशी उशिराच लागली. विश्वचषकात १९७० सालापर्यंत त्याला परवानगीच नव्हती, पाय मोडला तर उरलेल्या दहांनी खेळावे. आता पाच जण बदलता येतात, तथापि एकदा बाहेर आलेला पुन्हा आत जात नाही. कबड्डीत बाद झालेला गडी साथीदाराच्या एका चढाईने जिवंत होतो. आमच्या मुलांना फुटबॉलमधले सर्वांत क्रूर कलम वाटे ते हे पुन्हा आत न जाण्याचेच.

व्यवस्थापक या नात्याने हजेरीचे बुक माझ्याकडे होते, आणि मी स्वभावाने थोडा कारकून आहे. एका रविवारी ते सहज चाळीत असता माझ्या ध्यानात आले की, बाकावरच्या प्रत्येक नावापुढे ‘लवकर गेला’ असा शेरा आठवड्यातून चार-चार वेळा पडलेला आहे, आणि ही सारी नावे आंबा घाटाच्या अंगाला असलेल्या वाड्यांतली आहेत. सराव संध्याकाळी चाले; वाडीकडची शेवटची एसटी चुकली की मुलाने रात्र काढावी कोठे? मलकापुरातली आणि वसतिगृहातली मुले अंधार पडेपर्यंत राहत, म्हणून ती ‘पहिली अकरा’ झाली होती. ज्याला आम्ही गुणवत्तेचा क्रम समजत होतो तो एसटीच्या वेळापत्रकाने लावलेला होता.

हे मी सांगितले तेव्हा क्रीडाशिक्षक प्रथम रागावले, आणि मग दोन दिवसांनी काही न बोलता त्यांनी सराव सकाळी साडेसातला ठेवला. वसतिगृहातील मंडळींची कुरकुर झाली. पहिल्या आठवड्यात खेळ सुधारला नाही, उलट बिघडला. परंतु घाटाकडचा एक डावखुरा मुलगा, ज्याचे नाव क्रीडाशिक्षकांना दोन वर्षांत नीट पाठ झाले नव्हते, चिखलात थबकणाऱ्या चेंडूचा अंदाज इतरांपेक्षा अर्धे पाऊल आधी घेतो, हे मलासुद्धा कळू लागले. मी त्याला विचारले, हे शिकलास कोठे?

‘बसून बसून, सर. दोन सालं बाकावरनं तेवढंच बघत हुतो की.’

पुढच्या सराव सामन्यात एक गोल चढलेला असतानाच, मध्यंतरानंतर दहाव्या मिनिटाला, त्याला बोलावणे आले. येथे एक अडचण उभी राहिली. नडगीला शिनगार्ड बांधल्याशिवाय खेळाडूस मैदानात उतरता येत नाही, आणि आमच्या दप्तरी शिनगार्डच्या जोड्या होत्या अकरा. आणखी तीन जोड्यांसाठी मी मागितलेली तसलमात मंजुरीच्या वाटेवर कोणाच्या तरी टेबलावर विसावली होती. आजवर शेवटच्या पाच मिनिटांत आत जाणाऱ्यांकडे पंचांनी काणाडोळा केला होता. या वेळी त्यांनी मोजा खाली करून पाहिला आणि मान हलवली. बाहेर आलेला आमचा नेहमीचा फॉरवर्ड अपमानाने लाल झाला होता, आणि बाकाकडे न जाता सरळ झाडाखाली निघाला होता. मग काय वाटले कोण जाणे, तो मागे वळला, ओल्या गवतात खाली बसला, मोजे उतरवले, आणि घामाने व चिखलाने निथळणारे आपले शिनगार्ड त्याने त्या मुलाच्या हातात न देता स्वतःच त्याच्या नडगीवर बसवले, वरून मोजा ओढला, पट्टी घट्ट केली. तेवढा वेळ आमचे दहाच खेळाडू मैदानावर होते. मध्यरेषेवर उभ्या राहिलेल्या त्या पोराचे पाय लटलट कापत होते. पंचांनी खूण केली आणि तो आत गेला.

सामना आम्ही दोन विरुद्ध एक असा हरलो. आमचा तो एक गोल डावखुऱ्याने केला असे लिहिता आले असते तर बरे झाले असते, पण तो दुसऱ्याच कोणाचा तरी. याने कॉर्नर तेवढा मिळवून दिला होता.

फॉरवर्ड त्या वेळी बाकाच्या टोकाला बसला होता, आणि बाकावरच्या पत्र्याचे पाणी त्याच्या मानेवर ठिबकत होते. ‘तिथं नगं बसू,’ शेजारच्या राखीव पोराने त्याला आत ओढीत सांगितले, ‘त्या कोपऱ्यात गळतंय. हिकडं सरक, हितनं समदं दिसतंय.’