घरचे बियाणे

'शाश्वत शेती' हा शब्द मी कॉलेजात आल्यावर प्रथम ऐकला. शेती मात्र जन्मापासून पाहत आले. शाश्वत म्हणजे टिकणारी. जमिनीचा कस टिकावा आणि कसणारे घरही कर्जात बुडू नये, असा त्याचा सरळ अर्थ. मला तो बियाण्यावरून उमगला.

2019 साली सोयाबीनच्या काढणीत अवकाळी पाऊस झाला व बियाणे भिजले. 2020 च्या खरिपात राज्यात अनेक ठिकाणी सोयाबीन उगवलेच नाही. मी तेव्हा नववीत होते. आमच्या रानातही विकतच्या बियाण्याच्या ओळी रिकाम्या राहिल्या. दुबार पेरणीसाठी आईची पोत गहाण पडली. आपल्या देऊळगाव राजा तालुक्यात शेतकरी शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी भाजीपाल्याचे संकरित बियाणे पिकवतात. आणि सोयाबीनसाठी मात्र आम्ही दुकानाच्या दारात उभे!

वास्तविक संकरित कपाशीचे बी पुन्हा पेरले तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून ते दरसाल विकत घ्यावे लागते. सोयाबीनचे तसे नाही. त्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून घरचे बी दोन-तीन वर्षे वापरता येते. फक्त टरफल नाजूक असते. मळणी जपून करावी, पोती उंच रचू नयेत. पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. आठवड्याने 70 किंवा अधिक दाण्यांना चांगले कोंब आले, तर एकरी 30 किलोप्रमाणे पेरावे. बी घरचे असो वा दुकानचे, ही परीक्षा चुकवू नये.

जमिनीचाही विचार हवा. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरतात. चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घेतल्या, तर खोल मुळांची तूर मागे उभी राहते, तिचा पाला रानातच कुजतो, आणि एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते.

बी राखण्याचा, पेरण्याचा व शेजाऱ्याला देण्याचा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या कायद्यानेही मान्य केला आहे. पूर्वी हे काम आजीकडे असे. बी विकत येऊ लागले, तसे तिला विचारणेही थांबले. यंदा आम्ही दोघींनी गोणपाट उलगडले. आजीला अक्षरओळख नाही, पण मोजणी तिनेच केली : 81 कोंब!

मित्रहो, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेल्यावर आपणही एक गोणपाट भिजवून पाहावे, एवढीच विनंती.